यादीत नसलेला सिंह

तिकीट दाखवून तुम्ही आत शिरता तेव्हा साल आहे १८८०, गाव मुंबई. रिंगणात विष्णुपंत छत्र्यांचे घोडे धावताहेत. कियारिनी या इटालियन सर्कसवाल्याच्या तोडीचा खेळ इथला माणूसही उभा करू शकतो, हे विष्णुपंतांना दाखवायचंय. तुम्ही अभिमानाने टाळ्या पिटता.

आता १९९०. सांगली. बँड वाजतो, जाळीच्या बोगद्यातून सिंह येतो, हंटर कडाडतो आणि तो निमूट स्टुलावर चढतो. पुढच्या रांगेत तुम्हाला मुताचा उग्र दर्प झोंबतो. खेळ संपल्यावर तंबूमागे डोकावता. चाकांच्या पिंजऱ्यात तोच सिंह चार पावलं जातो, वळतो, चार पावलं येतो. महिनाभराने गाव बदलेल, पिंजरा हाच.

मार्च १९९१. केंद्र सरकारची अधिसूचना निघते: अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि कुत्रा यांना खेळ शिकवायचे नाहीत, खेळात दाखवायचे नाहीत. तुम्ही यादी दोनदा वाचता. सिंह नाहीच! सर्कसवाले कोर्टात जातात. ऑक्टोबर १९९८मध्ये नवी यादी येते. कुत्रा सुटतो, सिंह सापडतो. हत्ती आणि घोडा दोन्ही वेळा बाहेरच. पोटावर पाय आला म्हणून सर्कसवाले पुन्हा दाद मागतात. २००० साली केरळ उच्च न्यायालय बंदी उचलून धरतं आणि १ मे २००१ला, ऐन महाराष्ट्र दिनी, सर्वोच्च न्यायालय त्यावर शिक्कामोर्तब करतं.

काही वर्षं पुढे या, विशाखापट्टणमच्या बचाव केंद्रात. सर्कशीतून आणलेले सिंह झाडाखाली लोळताहेत. यांना जंगलात का सोडत नाहीत, असं तुमच्या मनात येतंच. पण हे पिंजऱ्यातच वाढलेले. शिकार कशी करतात ते ठाऊक नाही. त्यातले बरेच आफ्रिकी आणि आशियाई सिंहांच्या संकरातून आलेले, त्यामुळे गीरचं दारही बंद. मरेपर्यंत त्यांना इथंच पोसायचं.

कळपात एकही छावा का नाही, हेही आता तुमच्या लक्षात येतं. इथं प्रजनन होऊ देत नाहीत. बंदीने रिंगण बंद झालं. पण छावे होत राहिले असते, तर सरकारलाच पिढ्यान् पिढ्या पिंजरे बांधत बसावं लागलं असतं.