दोन सेंटचा तोडगा

३ मे २००० रोजी कॅलिफोर्नियातील सॅन मातेओ या गावी एका लहानशा कंपनीच्या दाराशी मोटार येऊन थांबली आणि तिच्यातून कागदांनी गच्च भरलेली खोकी उतरू लागली. 'मेटॅलिका' या नामांकित अमेरिकन बँडचा ड्रमवादक लार्स उलरिक खोक्यांबरोबर जातीने हजर होता. त्या कागदांवर नावे होती. थोडीथोडकी नव्हे, ३,३५,४३५. ही सारी मंडळी आमची गाणी फुकट वाटत आहेत, यांना तुमच्या दारातून हाकलून द्या, एवढेच त्याचे मागणे होते. कंपनीचे नाव नॅप्स्टर. तिचा कारभार सुरू होऊन पुरते वर्षही झाले नव्हते. आपल्याच चाहत्यांची यादी घेऊन कलावंताने तक्रारीला जावे, असा प्रसंग संगीताच्या इतिहासात क्वचितच घडला असेल.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. नव्या यंत्रामुळे जुनी घडी विस्कटते तेव्हा माणसे आधी 'चोर, चोर' म्हणून ओरडतात आणि मग सावकाश हिशेबाला बसतात, असे इतिहासात पुष्कळदा दिसते. नॅप्स्टरची कथाही त्याच जातीची आहे. तिच्यात चोरीचा प्रश्न होताच. पण त्याहून मोठा प्रश्न किंमत कोणी आणि कशी ठरवायची, हा होता. त्याचे एक उत्तर अमेरिकेने १९०९ सालीच शोधून ठेवले होते. ते हाताशी असताना बाजूला का राहिले, ते पाहण्याजोगे आहे.

आधी तंत्राविषयी थोडे. सीडीवरच्या एका गाण्याला संगणकात तीस-चाळीस मेगाबाइट जागा लागे. जर्मनीतील एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या कानाचाच अभ्यास केला. मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज कानाला ऐकू येत नाही. मग तो साठवायचा कशाला? असे नको ते गाळून त्यांनी गाणे दहा-बारा पटींनी लहान केले. 'एमपी-थ्री' हे या फाइलींचे नाव १९९५ सालापासून रूढ झाले. गाणे तीन-चार मेगाबाइटमध्ये मावू लागले आणि टेलिफोनच्या तारेवरून प्रवास करू लागले.

पण हवे ते गाणे कोणाच्या संगणकात आहे, हे कळायचे कसे? बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात शिकणाऱ्या शॉन फॅनिंग या अठरा वर्षांच्या मुलाने ही अडचण सोडवली आणि जून १९९९ मध्ये नॅप्स्टर सुरू झाले. त्याची रचना समजण्यासाठी आपल्याकडचे वधूवर सूचक मंडळ डोळ्यांपुढे आणावे. मंडळाजवळ फक्त नोंदवही असते. स्थळे आपापल्या घरीच असतात. नॅप्स्टरजवळही गाणी नव्हती, कोणाकडे कोणते गाणे आहे याची सूची तेवढी होती. गाठ पडली की एका घरचे गाणे परस्पर दुसऱ्या घरी जाई, आणि पहिल्या घरचे कमीही होत नसे. अमेरिकन विद्यापीठांच्या वसतिगृहांत वेगवान जोडण्या होत्या. तिथे हे वेड वणव्यासारखे पसरले.

डिसेंबर १९९९ मध्ये मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी नॅप्स्टरवर खटला भरला. पुढल्या एप्रिलमध्ये मेटॅलिकाने वेगळा दावा केला. त्यांचे एक गाणे बाजारात येण्यापूर्वीच नॅप्स्टरवरून रेडिओ केंद्रांपर्यंत पोहोचले होते. गंमत अशी की हाच बँड उमेदवारीच्या काळात, १९८२ च्या सुमारास, चाहत्यांनी एकमेकांना दिलेल्या कॅसेटींमुळे नावारूपाला आला होता.

नॅप्स्टरची सारी भिस्त १९८४ च्या एका निकालावर होती. घरी बसून दूरदर्शनचा कार्यक्रम टिपून घेणाऱ्या यंत्राबद्दल सोनी कंपनीवर खटला झाला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सोनीला मोकळे सोडले होते. यंत्राचा उपयोग कायदेशीर कामासाठीही होतो, म्हणून ते विकणारा दोषी नाही, हा त्या निकालाचा गाभा. पण सोनीने यंत्र विकल्यावर तिचा गिऱ्हाइकाशी संबंध संपत होता. नॅप्स्टरची नोंदवही रोज उघडी होती, आणि तिच्यात काय लिहिले जाते हे चालकांना ठाऊक होते. न्यायाधीश मेरिलिन हॉल पटेल यांनी जुलै २००० मध्ये मनाई हुकूम दिला. वरच्या न्यायालयाने तो आधी थोपवला, पण १२ फेब्रुवारी २००१ रोजी मूळ मुद्दा मान्य केला. त्यानंतर गाण्यांची नावे गाळण्याचे काम सुरू झाले. लोक नावांची अक्षरे उलटसुलट करून चाळणीतून निसटू लागले. ९९.४ टक्के गाणी अडवतो, असे कंपनीने सांगितले. न्यायाधीशांना शंभर टक्के हवे होते. जुलै २००१ मध्ये फाइलींची देवघेव बंद पडली आणि २००२ मध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले.

आता १९०९ कडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत आपोआप वाजणारे पियानो घरोघर आले होते. भोके पाडलेल्या कागदाची गुंडाळी आत बसवली की पियानो वाजे. या गुंडाळ्या विकणारे संगीतकाराला छदामही देत नसत. बँडमास्टर जॉन फिलिप सूसा यांनी १९०६ मध्ये या यंत्रसंगीतावर कडाडून टीका केली. अशाने माणसाला कंठच उरणार नाही, असेही ते म्हणाले. १९०८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र निर्णय दिला की कागदावरची भोके माणसाला वाचता येत नाहीत, सबब ती संगीताची प्रत नव्हे. संगीतकार हरले. पुढच्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने कायदा बदलला आणि मोठा शहाणपणाचा मार्ग काढला. संगीतकाराचा हक्क तिने मान्य केला. त्याबरोबर, सगळे हक्क एकाच बड्या कंपनीच्या मुठीत जाऊ नयेत म्हणून, असे ठरवले की एकदा एखाद्या रचनेचे यांत्रिक मुद्रण झाले की पुढे ते कोणीही करावे. फक्त दर प्रतीमागे दोन सेंट मोजावेत. यंत्र थांबले नाही आणि रचनाकार उपाशीही राहिला नाही. तोडगा निर्दोष नव्हता. दोन सेंटचा तो दर १९७८ पर्यंत तसाच राहिला आणि मधल्या काळात पैशाची किंमत उतरत गेली. पण बाजार चालू राहिला.

हा नियम रचनेपुरता होता. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाला तो लागू नव्हता. म्हणून नॅप्स्टरच्या वेळी कंपन्यांना 'नाही' म्हणता आले. फेब्रुवारी २००१ मध्ये, निकाल विरुद्ध गेल्यावर, नॅप्स्टरने पाच वर्षांत एक अब्ज डॉलर देण्याची तयारी दाखवली. सभासदांकडून मासिक वर्गणी घेऊन ही रक्कम उभी करायची होती. रक्कम अपुरी आहे, असे म्हणून कंपन्यांनी प्रस्ताव फेटाळला. कोट्यवधी श्रोते एका दारात उभे होते, त्यांची मोजदाद होत होती, त्यांच्याकडून वर्गणी घेता आली असती. ते दार बंद झाले आणि श्रोते ज्यांना नोंदवहीच नव्हती अशा कझा, लाइमवायर यांसारख्या आडवाटांनी पांगले.

मग सुरू झाला खुद्द श्रोत्यांवरचा हल्ला. सप्टेंबर २००३ मध्ये कंपन्यांच्या संघटनेने एकाच दिवशी २६१ जणांवर दावे लावले. त्यांत एक बारा वर्षांची मुलगीही निघाली आणि तिच्या घरच्यांना दोन हजार डॉलर भरून प्रकरण मिटवावे लागले. एका स्त्रीवर चोवीस गाण्यांसाठी २००९ मध्ये १९ लाख २० हजार डॉलरचा भुर्दंड ठोठावला गेला. अपिलांच्या फेऱ्यांनंतर २०१२ मध्ये तो २ लाख २२ हजारांवर आला. हजारो दाव्यांनंतर २००८ च्या अखेरीस ही मोहीम आवरती घेण्यात आली. तेवढ्याने देवघेव काही थांबली नाही.

वाट निघाली ती व्यापारातून. एप्रिल २००३ मध्ये अ‍ॅपलने ९९ सेंटला एक गाणे विकायला काढले आणि पहिल्या आठवड्यात दहा लाख गाणी खपली. २००८ मध्ये स्वीडनमधून स्पॉटिफाय आले. मासिक वर्गणी भरा आणि हवे ते ऐका! २००१ मध्ये नाकारलेली कल्पना ती हीच. मधल्या काळात अमेरिकेतील ध्वनिमुद्रित संगीताची उलाढाल १९९९ च्या १४.६ अब्ज डॉलरवरून २०१४ पर्यंत सुमारे ६.७ अब्जांवर घसरली होती. सारा दोष नकाराचा नाही. पण उशिराची किंमत यातून दिसते.

आणि गायक? जुलै २००० मध्ये अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे उलरिकप्रमाणेच 'बर्ड्‌स' या गाजलेल्या बँडचे रॉजर मॅग्विन यांचीही साक्ष झाली. बहुतेक ध्वनिमुद्रिकांबद्दल आगाऊ मिळालेल्या माफक रकमेपलीकडे आपल्या हाती काही आले नाही, असे त्यांनी सांगितले. भांडण कलावंताच्या नावाने चालले होते, पण हिशेब कंपनीच्या वहीत होता. आजही एकदा गाणे ऐकल्यामागे एक सेंटहूनही कमी रक्कम निघते, आणि तीही आधी हक्क ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे जाते.

हे सारे परक्या देशातले, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. आमच्या बेळगावात १९८० च्या दशकात कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दुकानात दिली की दोन दिवसांत गाणी भरून मिळत. एका बाजूला नाट्यगीते आणि दुसऱ्या बाजूला कन्नड भावगीते, अशा कॅसेटी आमच्या घरी होत्या. भीमसेनांची अभंगवाणी आणि दासवाणी शेजारी-शेजारी ऐकणाऱ्या आपल्या घरांत 'यातून बुवांना काय मिळाले?' हा प्रश्न कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. आपल्या १९५७ च्या कायद्यातही दोन सेंटच्या तोडग्याचे भावंड होते. मूळ मुद्रणानंतर दोन वर्षांनी, सूचना आणि रॉयल्टी देऊन, कोणालाही तेच गीत नव्या आवाजात काढता येई. याच कलमाच्या आधारे टी-सीरीजने जुन्या गाण्यांच्या नव्या आवाजातल्या स्वस्त कॅसेटी काढल्या. लता-रफी यांच्यात १९६० च्या दशकाच्या आरंभी दुरावा आला तो रॉयल्टीच्याच प्रश्नावर. लताबाईंचे म्हणणे, गायकाला वाटा हवा. रफीसाहेबांचे म्हणणे, मानधन घेतले की आपले काम संपले. काही वर्षे दोघे एकत्र गायले नाहीत.

१९७७ च्या एका निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट-संगीताचे पारडे निर्मात्याच्या बाजूला झुकवले. त्यातच न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी गायकाला कायद्यात हक्क नाही, याबद्दल हळहळ नोंदवली. १९९४ च्या दुरुस्तीने कलाकाराचा हक्क कायद्यात आला. २०१२ च्या दुरुस्तीने, जिच्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत आग्रहाने बोलले, गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सही करूनही कंपनीला देऊन टाकता येणार नाही, असे ठरले.

मला ही शेवटची तरतूद फार मोलाची वाटते. १९०९ च्या तोडग्यात किंमत ठरवली होती, तशी ती कोणाच्या हाती पडावी हेही इथे ठरवले गेले. नॅप्स्टर बुडाले, कंपन्या सावरल्या, आपल्याला हवे ते गाणे बोटाच्या टोकावर मिळू लागले. गाणाऱ्याचा वाटा मात्र कोणी दयेपोटी दिला नाही; तो मिळाला तेवढा कायद्यात लिहून घेतला म्हणून मिळाला. जे लिहून घेतले आहे त्याची वसुली होते की नाही, हे पाहण्याचे काम मात्र अजून बाकी आहे.