हिरकणीचे विष

बडोद्याच्या रेसिडेन्सीत ९ नोव्हेंबर १८७४ च्या सकाळी रेसिडेंट कर्नल फेअर नित्याप्रमाणे फिरून परत आले आणि त्यांच्यासाठी काढून ठेवलेल्या पपनसाच्या सरबताचा पेला त्यांनी तोंडाला लावला. दोन-तीन घोट घेतल्यावर पुढे घेववेना, म्हणून उरलेले सरबत त्यांनी बाहेर फेकून दिले. थोड्याच वेळात पोटात मळमळू लागले, डोके जड झाले, आणि पेला पाहतात तो त्याच्या तळाशी काळपट गाळ चिकटलेला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी तो गाळ प्रथम तपासला, मग तो मुंबईस सरकारी रासायनिक परीक्षक डॉ. ग्रे यांच्याकडे रवाना झाला, आणि त्या चिमूटभर गाळातून दोन पदार्थ निघाले. एक पांढरा सोमल. दुसरे म्हणजे काही चकाकणारे, अत्यंत कठीण असे कण, ज्यांना पुढच्या तहकिकातीत हिऱ्याची पूड ठरविण्यात आले.

हा खटला मराठी वाचकाला अपरिचित नाही. विषप्रयोगाचा आरोप आलेले बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड, त्यांचे खासगी चिटणीस दामोदरपंत, रेसिडेन्सीतील रावजी हवालदार आणि नरसू जमादार, महाराजांच्या बचावासाठी विलायतेहून आलेले सार्जंट बॅलंटाइन, या सर्वांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते बहुधा राजकारणाच्या अंगाने लिहिले गेले आहे. मला मात्र त्या पेल्यातील दुसऱ्या पदार्थाने फार दिवस अडवून धरले आहे. सोमल उंदीर मारण्यासाठी गावोगावच्या दुकानांतून मिळत असे, त्याला ना वास ना म्हणण्यासारखी चव, आणि सुमारे एक ते दोन गुंजा सोमल धडधाकट माणसाचा प्राण घेण्यास पुरे होतो. असे हुकमी साधन हाताशी असता त्याच्या जोडीला हिरे कुटून घालावेत असे कोणाच्याही मनात का यावे? आणि ज्यांनी आरोप रचला असे महाराजांचे पक्षपाती म्हणत, त्यांना तरी हिऱ्याचेच नाव का सुचावे? आरोप खरा असो वा बनावट, वादी आणि प्रतिवादी, साहेब आणि कारकून, पंचांच्या आसनावरचे राजे आणि रस्त्यावरचा बघ्या, या सर्वांच्या मनात हिऱ्याची पूड म्हणजे मरण हे समीकरण इतके पक्के बसलेले होते की ते सिद्ध करण्याचे ओझे कोणालाच वाटले नाही.

आपल्या भाषेत तर हे समीकरण शब्दातच मुरलेले आहे. हिरकणी म्हणजे हिऱ्याचा बारीक कण. रायगडाच्या कड्यावरून तान्ह्यासाठी उतरून गेलेल्या गवळणीच्या आख्यायिकेमुळे त्या शब्दाला मातृत्वाचा उजाळा मिळाला आहे खरा, परंतु जुन्या पिढीच्या कानाला त्याच शब्दाची दुसरी, काळी बाजूही तितकीच ओळखीची होती. मी लहानपणी ऐकलेल्या गोष्टींतून, आणि पुढे वाचलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतून व नाटकांतून, मानी राण्या आणि पराभूत सरदार बेअब्रू होण्यापेक्षा बोटातील अंगठी तोंडाशी नेत आणि ‘हिरकणी खाऊन’ प्राण देत. गरिबाने विहीर जवळ करावी, मध्यमाने अफू, आणि राजकुलाने हिरा, अशी जणू मरणाचीही एक प्रतवारी त्या गोष्टींत ठरलेली होती. गोष्ट सांगणारी आजी आवाज खाली आणून म्हणे, ‘आतडी चाळणीसारखी होतात रे बाळा,’ आणि आम्हा मुलांना तिच्या कुडीतला खडासुद्धा हात लावू नये असा वाटे.

या समजुतीचे मूळ कोठे असावे याचा विचार करता दृष्टी खाणींकडे वळते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्राझीलचे हिरे बाजारात येईपर्यंत जगाला हिरा पुरविणारा देश मुख्यत्वे हिंदुस्थानच होता. कृष्णाकाठच्या कोल्लूरची खाण गोवळकोंड्याच्या नावाने दिगंतात गाजली, आणि आपल्या गडचिरोलीकडील वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद अबुल फजलाच्या ‘आइने अकबरी’तही सापडते. सतराव्या शतकात कोल्लूरला गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये तेथे साठ हजारांवर माणसे राबत असल्याचे लिहितो. उघड्या अंगाच्या, अर्धपोटी अशा त्या हजारो मजुरांच्या हातांतून राजाच्या मुकुटाची रत्ने जात होती, आणि रत्न चोरून नेण्यास त्या बिचाऱ्यांपाशी स्वतःच्या देहाखेरीज दुसरी जागा नव्हती. गिळलेला हिरा जीव घेतो ही वार्ता अशा ठिकाणी पहारेकऱ्यांच्या पलटणीपेक्षा अधिक उपयोगी पडली असली पाहिजे. हा माझा तर्क आहे. परंतु जी समजूत मालकाच्या इतकी सोयीची असते, ती दीर्घायुषी होते, हे इतिहासात वारंवार दिसते.

समजुतीला शास्त्राचे रूप देण्याचे काम पुढे विद्वानांनी केले. सोळाव्या शतकातील इटलीचा विख्यात सुवर्णकार बेन्वेनुतो चेल्लिनी याने आपल्या आत्मचरित्रात हा विचार मोठ्या तपशिलाने मांडला आहे. इतर रत्ने कुटली की त्यांच्या कडा बोथट होतात, हिरा मात्र कितीही बारीक केला तरी त्याचा प्रत्येक कण धारदारच राहतो, आणि असे कण अन्नाबरोबर आत गेले की जठर व आतडी भेदीत जातात, अशी त्याची उपपत्ती. ती त्याला नुसती ऐकून ठाऊक नव्हती. १५३९ च्या सुमारास रोममधील सांत आंजेलो किल्ल्यात तो कैदेत असता एके दिवशी कच्च्या भाजीचा घास चावताना दातांखाली काहीतरी करकरले; ताट उजेडाला धरून पाहतो तो चमचमणारे कण. वैऱ्यांनी हिरा घातला अशी खात्री होऊन त्याने ईश्वराचे स्मरण केले आणि मरणाची तयारी चालविली. मग त्याच्यातला कारागीर जागा झाला. एक कण खिडकीच्या दगडी पट्टीवर ठेवून त्याने सुरीच्या टोकाने दाबून पाहिला, आणि तो कण चुरला! हिरा असता तर चुरला नसता. ज्या सोनाराला हिरा कुटावयास दिला होता त्याने दारिद्र्यापोटी तो स्वतःकडेच ठेवला आणि त्याच्या ऐवजी एक हलका खडा वाटून दिला, असे त्याला मागाहून कळले. त्या सोनाराच्या अप्रामाणिकपणाने आपले प्राण वाचविले असे चेल्लिनी जन्मभर मानीत राहिला. वास्तविक तो सोनार प्रामाणिक असता तरी फारसा फरक पडला नसता.

हे सांगणारा एक धीट मनुष्य आपल्या अगदी शेजारी, गोव्यात, राहत होता. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आला आणि अखेरपर्यंत तेथेच राहिला; मुंबईचे बेटही काही काळ त्याच्याकडे पट्ट्याने होते. त्याने हिंदुस्थानातील वनस्पती, औषधे आणि रत्ने यांविषयी संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून प्रसिद्ध झाला. त्यात हिऱ्याचा विषय निघतो, तेव्हा युरोपातील थोरामोठ्या ग्रंथकारांनी हिऱ्याला विष म्हटले आहे याची त्याला पूर्ण जाणीव आहे, तरीही तो निःशंकपणे सांगतो की हिरा विष नव्हे. खाणीतील माणसे चोरीसाठी हिरे गिळतात आणि त्यांना काही होत नाही. मला या ओर्ताविषयी अपार आदर वाटतो. ग्रंथ एकीकडे आणि मजुराचा देह दुसरीकडे, अशा दोन साक्षी समोर असता त्याने मजुराच्या देहाची साक्ष ग्राह्य धरली. आणि हे अशा काळी, की ज्या काळी ग्रंथप्रामाण्याला धक्का देणे धोक्याचे होते आणि धर्मांतरित ज्यूंच्या कुळात जन्मलेल्या ओर्तासारख्याला तर दुप्पट धोक्याचे होते. १५६८ साली तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला धर्मन्यायासनाने जिवंत जाळले, आणि १५८० साली त्याची स्वतःची हाडे थडग्यातून उकरून अग्नीच्या स्वाधीन केली.

इंग्लंडात पुढे सर टॉमस ब्राउन या वैद्याने हिऱ्याच्या भावंडाची, म्हणजे काचेच्या पुडीची, अशीच परीक्षा घेतली. १६४६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात लोकभ्रमांचा समाचार घेताना, बारीक वाटलेली काच कुत्र्यांना खाऊ घालूनही त्यांना कसलीच पीडा झाली नाही, असे तो नमूद करतो. कण पुरेसा बारीक असला तर तो अन्नात लपेटून निघून जातो. मोठा, टोकदार तुकडा असेल तर मात्र तो कापील. हिऱ्याचा मूळ स्वभाव तर याहूनही निरुपद्रवी. लाव्हाझिएने १७७२ साली हिरा जाळून दाखविला, आणि १७९७ साली स्मिथसन टेनंट याने हिरा व कोळसा हे एकच द्रव्य असल्याचे सिद्ध केले. जठरातील तीव्र आम्लाचाही त्याच्यावर यत्किंचित परिणाम होत नाही. सुरतेच्या हिरेघाशांना विचारावे. हिरा हिऱ्यानेच घासला जातो; फिरत्या सराणीवर तेलात कालवलेली हिऱ्याची पूड लावलेली असते, ती बोटांच्या पेरांत आणि नखांच्या कडांत काळी होऊन बसते, आणि त्याच हातांनी पिढ्यान्‌पिढ्या भाकरी मोडली गेली आहे.

तर मग ज्याच्या हातून मरण येऊच शकत नाही असा एक तरी पदार्थ जगात सापडला, असे म्हणावे काय? मला तसे म्हणवत नाही. खडा मोठा असला आणि घशात अडकला तर हिराही जीव घेईल. शुद्ध पाण्याइतके निर्मळ दुसरे काय आहे? परंतु तेच थोड्या वेळात अतोनात प्यायले गेले तर रक्तातील क्षार पातळ होतो, मेंदूला सूज येते, आणि मनुष्य दगावतो. घातकता वस्तूत साठविलेली नसते. ती मात्रेत, मार्गात आणि भोगणाऱ्याच्या देहात असते. स्वित्झर्लंडच्या पॅरासेल्ससने १५३८ साली हाच सिद्धांत मांडला म्हणून त्याचे नाव झाले, पण आपल्या वैद्यांना तो त्याच्या कितीतरी आधीपासून व्यवहारात अवगत होता. घराघरांत तापावर दिली जाणारी त्रिभुवनकीर्ती घ्या; तिच्यात बचनाग आहे, आणि बचनाग हे विष आहे, म्हणूनच गोमूत्रात शोधून, तोलून, मग तो योजिला जातो. हिऱ्याचेही वज्रभस्म करण्यापूर्वी रसवैद्य त्याला हुलग्यांच्या काढ्यात शिजवितात.

याहून बोलकी साक्ष आपल्या जुन्या न्यायपद्धतीत आहे. याज्ञवल्क्याने सांगितलेल्या पाच दिव्यांत तुला, अग्नी आणि जल यांच्यानंतर विष आणि कोश येतात. विषदिव्यात आरोपीला जे विष द्यावयाचे त्याची मात्रा यवांच्या दाण्यांनी मोजलेली असे, ती पावसाळ्यात कमी आणि हेमंतात जास्त अशी ऋतुमानाने बदलत असे, आणि ते तिसपट तुपात कालवून द्यावे असा दंडक होता. म्हणजे प्राणघातक द्रव्य हाती घेऊनही ते मारणार नाही अशी तजवीज शास्त्रकारांनी करून ठेवली होती. कोशदिव्य याच्या अगदी उलट. त्यात उग्र देवतेच्या स्नानाचे तीर्थ तीन पसे प्यावयाचे आणि चौदा दिवस वाट पाहावयाची. त्या अवधीत काही घोर आपत्ती आली तर दोष शाबीत. पाणी ते पाणीच. परंतु ज्याच्या मनात पाप असेल त्याने ते चौदा दिवस कसे काढले असतील याची कल्पना करून पाहावी: मुलाला आलेली कणकण, गोठ्यात बसकण मारलेला बैल, रात्री उंबऱ्याजवळ सळसळलेले काहीतरी. विषाहून त्या पाण्याची धास्ती मोठी होती. हिरकणीचा दरारा मला याच जातीचा वाटतो. जी वस्तू इतकी दुर्मिळ, इतकी कठीण, इतकी राजमान्य, तिच्या पोटी मरणही तसेच थोर असले पाहिजे, असे मनुष्याच्या मनाने धरून घेतले.

बडोद्याच्या जामदारखान्यात अशा वस्तूंना तोटा नव्हता. ब्राझीलमध्ये सापडलेला ‘दक्षिणेचा तारा’ हा सुप्रसिद्ध हिरा त्यापूर्वीच गायकवाडांनी विकत घेतला होता. अशा दरबारात मृत्यूची योजना हिऱ्यावाचून पुरी वाटू नये, किंवा अशा दरबारावर आळ घेताना हिऱ्यावाचून तो खरा वाटू नये, हे त्या काळाच्या मनाला धरूनच होते. चौकशी २३ फेब्रुवारी १८७५ रोजी सुरू झाली. सर रिचर्ड काउच यांच्यासह तीन इंग्रज सभासदांनी आरोप शाबीत धरला; ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंग आणि सर दिनकरराव राजवाडे यांनी तो शाबीत धरला नाही. अखेर एप्रिलमध्ये सरकारने विषप्रयोगाचा आधार न घेता गैरकारभाराच्या कारणावरून मल्हाररावांना पदच्युत केले आणि मद्रासला पाठविले. तेथेच १८८२ साली त्यांचा अंत झाला.

कर्नल फेअर वाचले ते थोडे प्यायले म्हणून. सोमल थंड पाण्यात फारसा विरघळत नाही, त्यामुळे त्याचा मोठा भाग तळाशी राहिला. पेल्यात भिण्यासारखे जे होते ते दुकानातील काही पैशांचे होते. आणि ज्या हिऱ्याच्या पुडीने सारा देश थरारून गेला, ती त्यांनी तळापर्यंत प्यायली असती तरी तिच्याने त्यांचे काही बिघडले नसते, हे ओर्ताच्या पुस्तकात छापलेले होते. ते पुस्तक गोव्यात प्रसिद्ध झाल्याला त्या सकाळी तीनशे अकरा वर्षे होऊन गेली होती.