फलकावर नाव काय लिहायचं?



नवा गट सुरू करताना पहिली बैठक कशात जाते, आठवतंय ना? नावात. जिजाऊ ठेवायचं की सावित्री, यावर तासभर निघतो. बँकेच्या पासबुकावर आणि पापडाच्या पाकिटावर तेच नाव येणार असतं, म्हणून सगळ्या जणी हट्टाला पेटतात. आज अशाच नावांची गोष्ट सांगणार आहे, पण ती आहे जादूगारांची.

चाकणजवळ आंबेठाण नावाचं गाव आहे. शेतकरी संघटनेत गेलेल्या बायकांना ते शरद जोशींच्या अंगारमळ्यामुळे माहीत असेल. त्याच गावात १९२४ साली जादूगार रघुवीर यांचा जन्म झाला. आडनाव भोपळे. पण फलकावर ते आडनाव कधी आलं नाही, ‘जादूगार रघुवीर’ एवढंच आलं. आठ अक्षरं, मागच्या रांगेतल्या पोरालाही ओरडता येतील अशी. त्या नावानं त्यांनी देशात आणि परदेशात प्रयोग केले. पुढं मुलगा विजय रघुवीर झाला, नातू जितेंद्र रघुवीर. वडिलांचं रंगमंचावरचं नाव घराण्याचं आडनाव होऊन बसलं! शेतजमीन वारसानं मिळते तसं हे नाव मिळालं.

बंगालचे पी. सी. सरकार यांनी आडनाव टाकलं नाही, पण त्याचं इंग्रजी स्पेलिंग असं बदललं की ते ‘सॉर्सरर’, म्हणजे मांत्रिक, या शब्दाजवळ जावं. अमेरिकेतल्या हुदिनीचं खरं नाव एरिक वाइस. त्यानं रॉबर्ट-हुदँ या फ्रेंच जादूगाराचं नाव घेऊन शेवटी ‘इ’ जोडली. नंतर त्याच हुदँवर टीका करणारं पुस्तकही लिहिलं. पुरुषांचं असं आहे, नाव घेतात आणि नाव टाकतातही, कोणी विचारत नाही.

बाईचं मात्र तसं नसतं. आमच्या एका गटातल्या ताईंची लेक रुमाल, पत्ते, दोरीचे प्रयोग शिकते. तिला जत्रेत कार्यक्रम मिळतोय. घरचे म्हणतात, कर बाई, पण फलकावर आपलं आडनाव नको, उद्या तुझं लग्न जमवायचं आहे. हे ऐकल्यावर मला हंसा वाडकर आठवल्या. त्यांचं मूळ नाव रतन साळगावकर. १९३० च्या दशकात त्या लहान वयात सिनेमात गेल्या, तेव्हा घराण्याचं नाव पडद्यावर नको म्हणून त्या ‘वाडकर’ झाल्या. नाव नको होतं, कमाई मात्र घरात चालत होती. ‘सांगत्ये ऐका’ या आत्मचरित्रात त्यांनी आपली कहाणी सांगितली आहे, मिळालं तर गटात वाचा.

अमेरिकेतल्या अ‍ॅडलेड हर्मन यांचंही सांगते. नवरा मोठा जादूगार, या त्याच्या मदतनीस. १८९६ मध्ये नवरा वारला. त्यांनी खेळ बंद केला नाही. हर्मन हेच नाव ठेवून, सुटलेली गोळी पकडण्याचा अवघड प्रयोगसुद्धा स्वतः केला आणि पुढची तीसएक वर्षं रंगमंच सांभाळला. लोक त्यांना जादूची राणी म्हणायचे. आपल्याकडे नवरा गेल्यावर पिठाची गिरणी चालवणाऱ्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

आडनावापेक्षा मला त्याच्या आधीचा शब्द मोठा वाटतो. रघुवीर यांनी नावाआधी ‘बाबा’ किंवा ‘महाराज’ लावलं नाही, ‘जादूगार’ लावलं. म्हणजे तिकीट काढणाऱ्याला आधीच कळतं की ही हातचलाखी आहे. तीच हातचलाखी दैवी शक्ती म्हणून दाखवली की बायका मंगळसूत्र गहाण टाकून दक्षिणा देतात. हुदिनीनंही भुताखेतांशी बोलण्याचे दावे करणाऱ्यांचं पितळ उघडं पाडलं होतं.

आणि आपल्या मराठवाड्यात भानामती हा शब्द अजून गेलेला नाही. जादू येते म्हटलेल्या पुरुषाला टाळ्या मिळतात. बाईबद्दल तेच कोणी म्हणालं, तर शेजारची म्हैस आटल्याचा आळ तिच्यावर येऊ शकतो. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. एखादी व्यक्ती करणी करते असं भासवून तिचं जगणं मुश्कील करणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजार ते पन्नास हजार. तक्रार पोलीस ठाण्यात द्यायची.

‘जादूगारीण’ म्हटलं की माझ्या कानाला चेटकीण ऐकू येते. सरपंच, डॉक्टर, कंडक्टर हे शब्द बाईलाही तसेच लावतो, तसा ‘जादूगार’ही लावावा. त्याखाली ‘हातचलाखीचे प्रयोग’ असं ठळक अक्षरात लिहावं. आणि पुढं तिचं स्वतःचं नाव, तेही नीट वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.