वैमानिकाच्या घड्याळातील स्लाइड रूल
तबकडीभोवतीच्या दोन वर्तुळाकार लॉगरिदमी मापपट्ट्यांनी गुणाकार-भागाकार करण्याची सोय. बाहेरची पट्टी कड्याबरोबर फिरते, आतली स्थिर असते. ब्राइटलिंग कंपनीच्या नॅव्हिटायमर घड्याळामुळे (१९५२) ही रचना प्रसिद्ध झाली. संख्यांची अंतरे लॉगरिदमच्या प्रमाणात असल्याने कडे फिरवताच लांबींची बेरीज होते, म्हणजेच संख्यांचा गुणाकार. ताशी वेग १८० मैल असल्यास बाहेरचा १८ हा आकडा आतल्या ६० समोर आणतात. मग आतल्या २५ मिनिटांसमोर ७५ मैल दिसतात. कडे न हलवता ४० समोर १२ येतात, ते १२० समजायचे. दशांशचिन्ह घड्याळ दाखवत नाही. अंदाज वापरणाऱ्यानेच बांधायचा, आणि नवशिक्याची चूक बहुधा इथेच होते. इंधनाचा खप आणि मैल-किलोमीटर रूपांतरही याच रीतीने निघते. बारीक खुणांमुळे उत्तर स्थूलच मिळते.