श्रुतींचें माप आणि 'मध्य' शब्दाचा अर्थ : कै. कृष्णाजी बल्लाळ देवल यांच्या प्रयत्नाचें परीक्षण

प्राचीन संगीताचे ग्रंथ आज पुष्कळ छापून निघाले आहेत. परंतु त्यांतील संगीत कोणाच्या कानांवर पडत नाहीं. शिलालेखाचें अक्षर झिजलें तरी दगड जागेवर असतो. नाद मात्र उमटतांक्षणींच नाहींसा होतो. ह्या नाहींशा झालेल्या वस्तूची ग्रंथांवरून पुनर्रचना करूं पाहणाऱ्या महाराष्ट्रीयांत सांगलीचे कै. कृष्णाजी बल्लाळ देवल यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागतें. त्यांची पद्धति कितपत ग्राह्य आहे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विषय वऱ्हाडास अगदींच परका नाहीं. 'संगीतरत्नाकर' रचणारा शार्ङ्गदेव तेराव्या शतकांत देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरीं होता. आणि त्याच सिंघणाचा सेनापति खोलेश्वर याच्यावरून आमच्या अमरावती जिल्ह्यांतील खोलापुरास नांव पडलें असें मानतात. असो.

भरतानें सप्तकाच्या बावीस श्रुति मानल्या. षड्जास चार, ऋषभास तीन, गांधारास दोन, मध्यम व पंचम यांस चार चार, धैवतास तीन आणि निषादास दोन अशी त्यांची वांटणी असून प्रत्येक स्वर आपल्या शेवटच्या श्रुतीवर बसतो. परंतु श्रुतीचें माप त्यानें तारेच्या लांबींत कोठेंच दिलें नाहीं. दोन वीणा सारख्या लावाव्या, एक अचल ठेवावी आणि दुसरी एकेक श्रुतीनें उतरवीत जावें, एवढें तो सांगतो. दुसऱ्या खेपेस चलवीणेचे गांधार-निषाद अचलवीणेच्या ऋषभ-धैवतांत मिळतात. तिसऱ्या खेपेस ऋषभ-धैवत षड्ज-पंचमांत. चौथ्या खेपेस षड्ज, मध्यम व पंचम हे अनुक्रमें निषाद, गांधार व मध्यम यांत लीन होतात. शार्ङ्गदेवानें ह्याच प्रयोगासाठीं प्रत्येक वीणेस बावीस तारा सांगितल्या. वाचतांना हें सर्व स्वच्छ वाटतें. तारा लावावयास बसलें म्हणजे पहिल्याच खेपेस अडतें. कारण त्या खेपेस कोणताच स्वर कोणांत मिळत नाहीं, आणि किती उतरावयाचें हें मध्यमग्रामाच्या पंचमावरून, म्हणजे शेवटीं कानानेंच, ठरवावयाचें असतें.

देवल हे सरकारी नोकरींत डेप्युटी कलेक्टर होते. निवृत्तीनंतर त्यांनीं हें काम हातीं घेतलें तें मोजणीच्या दृष्टीनें. ताणलेल्या तारेवर सरकती घोडी ठेवून स्वराचें स्थान काढावयाचें आणि त्यावरून आंदोलनांचें प्रमाण बसवावयाचें, अशी त्यांची रीत. ह्या कामीं त्यांना गळा लाभला तो किराणा घराण्याचे अब्दुल करीम खां (१८७२-१९३७) यांचा. खांसाहेबांनीं गावें, देवलांनीं तारेवर जुळवून मोजावें, आणि निघालेलीं प्रमाणें ग्रंथोक्त बावीस श्रुतींशीं ताडून पाहावीं, असा हा उद्योग चालला. त्याचें फळ म्हणजे बावीस श्रुतींवरील त्यांचें १९१० चें इंग्रजी पुस्तक. एका मोठ्या गवयानें आपला स्वर असा तारेच्या मापास लावूं द्यावा हें त्या काळीं सोपें नव्हतें. गवई आपली विद्या शिष्यासहि जपून देत, तेथें खांसाहेबांनीं ती मोजपट्टीखालीं ठेविली. ह्या उदारपणाचा उल्लेख व्हावा तितका होत नाहीं.

पुढें मुंबई इलाख्यांतील सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स हे देवलांस येऊन मिळाले. त्यांचा ग्रंथ १९१३ मध्यें लंडनास निघाला. श्रुति वाजवितां याव्या म्हणून लंडनच्या मूर यांच्याकडून एक खास पेटीहि करवून घेण्यांत आली. भरताच्या वीणेची साक्ष विलायती पेटीनें द्यावी हा योग मौजेचा खरा! १९१६ च्या मार्चांत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखालीं बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेथें ह्या प्रश्नाचा खल झाला. निर्णय लागला नाहीं. परिषदेचे सूत्रधार पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांस देवल-क्लेमेंट्सांचा सिद्धांत मान्य नव्हता.

माझ्या मतें देवलांचा दोष मोजणींत नाहीं, साक्षीदार निवडण्यांत आहे. अब्दुल करीम खांचा कान तंबोऱ्यावर घडलेला होता. तंबोऱ्याच्या षड्जाच्या तारेंतून गांधाराचा सूक्ष्म ध्वनि आपोआप निघतो, आणि गवयाचा गांधार त्याकडे ओढला जातो. भरताच्या नाट्यशास्त्रांत असा अखंड आधारस्वर धरणारें वाद्य दिसत नाहीं. तेथें मूर्च्छनेनें आरंभस्वर बदलत असे. तेव्हां विसाव्या शतकांतील गळा मोजून जें हातीं आलें तें विसाव्या शतकाचें. त्याचा भरताशीं मेळ बसला तर तो आपण अगोदरच गृहीत धरिल्यामुळें बसला नाहीं कशावरून? पुढें १९६३ मध्यें जैराजभाय व स्टोन यांनीं यंत्रानें मोजणी करून दाखविलें कीं, एकाच रागांत एकच कलावंत तोच स्वर थोडा वरखालीं घेतो. मग एका बैठकीचें माप शास्त्राचें माप कसें ठरावें?

भातखंडे उलट दिशेनें गेले. १९०४ पासून त्यांनीं दक्षिणेंत व उत्तरेंत हिंडून संगीताच्या पोथ्या पाहिल्या, नकला करविल्या, कित्येक छापविल्या. श्रुतींचें माप भरतावरून निघत नाहीं हें ओळखून त्यांनीं सतराव्या शतकांतील अहोबलाचा 'संगीतपारिजात' व श्रीनिवासाचा 'रागतत्त्वविबोध' पुढें घेतले. कारण ह्या ग्रंथकारांनीं स्वरांचीं स्थानें तारेच्या लांबीवर दिलीं आहेत. तार ३६ इंच धरिली तर तारषड्ज १८ वर. दोन षड्जांच्या मध्यें २७ वर मध्यम. २४ वर पंचम. षड्ज-पंचमांच्या मध्यें ३० वर गांधार. ३२ वर ऋषभ. २० वर निषाद. येथपर्यंत वाद नाहीं.

वाद धैवताचा. तो पंचम आणि तारषड्ज यांच्या 'मध्यें' सांगितला आहे. २४ आणि १८ यांचा मध्य २१. परंतु भातखंड्यांनीं तो २१⅓ इंचांवर धरिला आणि येथें 'मध्य' म्हणजे दोहोंच्या दरम्यान, बरोबर अर्ध्यावर नव्हे, असा अर्थ केला. षड्ज २४० आंदोलनांचा मानला तर २१⅓ वरचा धैवत ४०५ आंदोलनांचा. २१ वरचा सुमारें ४११. आतां संस्कृताच्या जुन्या शिक्षकास येथें थांबणें भाग आहे. मध्यम व गांधार यांच्या ठिकाणीं तोच शब्द काटेकोर अर्ध्याचा वाचक घ्यावा आणि धैवताच्या ठिकाणीं सैल घ्यावा, ही सवलत टीकाकारास कोणी दिली? दुसऱ्या एखाद्या ग्रंथांत असें कोणी केलें असतें तर आपण त्यास स्वैर म्हटलें असतें.

म्हणून राजापेठेंतील घरीं मीं एका सागवानी फळीवर ३६ इंचांच्या दोन पोलादी तारा सारख्या लावून पाहिल्या. एकीखालीं घोडी ३२ वर ठेवून ऋषभ धरिला, दुसरीची २१ वर. दोन्ही एकदम छेडतां नादांत स्पष्ट थरथर ऐकूं आली. शेजारचे एक भजनी गृहस्थ, ज्यांस ह्या वादाची गंधवार्ताहि नव्हती, ऐकतांच म्हणाले, "मास्तर, वरची तार चढली आहे." घोडी २१⅓ वर आणली तेव्हां थरथर जवळजवळ थांबली. माझी मोजणी सुताराच्या पट्टीची आहे. तिचा बडिवार मी मिरवीत नाहीं.

पण भातखंड्यांचा अर्थ मला ग्राह्य वाटतो तो भजनी गृहस्थांच्या कानामुळें नव्हे. षड्जग्रामांत ऋषभ व धैवत यांचें अंतर तेरा श्रुतींचें आहे आणि ते परस्परांचे संवादी आहेत, असें भरतापासून शास्त्रच सांगत आलें आहे. ३२ चे दोन तृतीयांश २१⅓ होतात. म्हणजे शब्दाचा सैल अर्थ घेण्यास शास्त्रांतलेंच नियामक वचन आहे. कानानें त्यास फक्त दुजोरा दिला. देवलांच्या पद्धतींत कान न्यायाधीश होता, येथें तो साक्षीदार आहे. तथापि देवलांचें एक ऋण मान्य केलें पाहिजे. त्यांनीं आंकडे छापून ठेविले, म्हणूनच त्यांचें खंडन करतां येतें. श्रुतींविषयीं केवळ भक्तिभावानें बोलणाऱ्यांचें खंडनहि होत नाहीं.

एक गोष्ट मात्र संग्राहकांवर अवलंबून आहे. वरील सर्व विवेचन छापील पाठावर झालें आहे. 'पारिजाता'चें फारसी भाषांतर १७२४ मध्यें झालें. त्या भाषांतरकारानें धैवताच्या 'मध्य' शब्दाचा अर्थ कसा केला हें पाहण्यासारखें आहे. ज्यांच्या संग्रहीं 'पारिजात' किंवा 'रागतत्त्वविबोध' यांची हस्तलिखित प्रत असेल त्यांनीं वीणेवरील स्वरस्थानांचे श्लोक, विशेषतः धैवताचा, पाठभेदांसह जसेच्या तसे उतरून संपादकांकडे पाठवावे. समासांत टीप किंवा आंकडे लिहिलेले असल्यास तेहि गाळूं नयेत.