मैलाटाकी (सेप्टिक टाकी)

सार्वजनिक गटारजोड नसलेल्या घराचे मैलापाणी जागच्याजागी निवळविणारी, जमिनीत पुरलेली जलाभेद्य टाकी. इंग्लंडमधील एक्सेटर येथे डोनल्ड कॅमेरॉन यांनी १८९५ च्या सुमारास हे नाव रूढ केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माटुंग्याच्या (मुंबई) कुष्ठरुग्णाश्रमातही अशी टाकी होती. तळाशी बसलेल्या गाळाचे अवायुजीवी (ऑक्सिजनविना जगणारे) जंतू विघटन करतात व निवळलेले पाणी शोषखड्ड्यात जिरते (पहा : शोषखड्डा). टाकीसाठी खणताना ठाणे जिल्ह्यातील मुरबाड, शहापूर व कल्याण-डोंबिवलीलगतच्या गावांत वरचा मुरूम जेसीबीने सहज निघतो. खाली काळा कातळ (पहा : बेसाल्ट) लागल्यास मात्र पोकलेनला ब्रेकर जोडावा लागतो आणि अशा अभेद्य थरातील शोषखड्डा पावसाळ्यात तुंबतो. उल्हास खाडीकाठी भूजल वर असल्याने रिकामी टाकी उचलली जाण्याचा धोका असतो, म्हणून तळाचे काँक्रीट जाड घालतात. संरक्षक साधनांविना गाळ उपसण्यास माणूस उतरविणे २०१३ च्या केंद्रीय कायद्याने दंडनीय आहे (पहा : मैलासफाई).