करवंदाचं नाव आणि आजीची मूठ

लोकलमध्ये कानाला हेडफोन लावून उभे असाल, तर आजचा भाग खास तुमच्यासाठी. कारण ही गोष्ट सुरू होते डोंबिवली स्टेशनच्या जिन्याखाली.

मे महिना होता. एक मावशी टोपली घेऊन बसल्या होत्या. पानांच्या द्रोणात काळीभोर करवंदं, आणि बाजूला फडक्यात हिरवी-गुलाबी कच्ची करवंदं. मी थांबलो, कारण घरी आजीनं सकाळीच फर्मान काढलं होतं, "करवंदं मिळाली तर कच्ची आण रे. लोणचं घालू."

आमची आजी केळशीची. दापोली तालुक्यात भारजा नदी समुद्राला मिळते, तिथलं हे गाव. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती आमच्याकडे चौथ्या मजल्यावर राहते. खाली उतरत नाही. लहानपणी मी सुट्टीत केळशीला जायचो, तेव्हा सड्यावरच्या जाळ्यांमध्ये हात घालून, काटे खाऊन आम्ही करवंदं काढायचो. एक करवंद अर्धं चावायचं आणि विचारायचं, "कोंबडा की कोंबडी?" आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. तुमच्यापैकी किती जण खेळलेत हा खेळ?

आता गंमत ऐका. या रानफळाचं नाव साडेचारशे वर्षांपूर्वीच्या एका छापील पुस्तकात आहे. 1563 मध्ये गोव्यात एक पोर्तुगीज पुस्तक छापलं गेलं. लेखक गार्सिया द ओर्ता. हा वैद्य 1534 मध्ये भारतात आला, गोव्यात राहिला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही त्यानं उपचार केले. आणि मुंबईकरांनो, पोर्तुगीजांकडून मुंबईचं बेट याच माणसाला खंडानं मिळालं होतं. तिथल्या आपल्या एका आंब्याच्या झाडाला वर्षातून दोनदा फळ येतं, असं तो कौतुकानं सांगतो.

त्याचं पुस्तक म्हणजे दोन माणसांच्या गप्पा आहेत, जवळजवळ पॉडकास्टच म्हणा! एक प्रकरण आहे वेलचीचं, आणि तिच्या जोडीला कोण? 'कारांदास'. म्हणजे आपलं करवंद. दुसऱ्या एका प्रकरणात 'बेर', म्हणजे बोरं, आणि 'ब्रिंदाँइश'. हे कोकम. गोव्यात कोकमाला आजही भिरंड म्हणतात, म्हणजे शब्द कुठून आला ते कळलंच. आणखी एका प्रकरणात फणसाबरोबर जांभूळ. पुढे 1767 मध्ये लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञानं करवंदाला शास्त्रीय नाव दिलं, कॅरिसा करंदास. लिनिअस भारतात कधी आला नाही, पण त्या नावातला दुसरा शब्द आपल्याकडचा आहे.

इथे एक घोटाळा दूर करतो. कोकमाचं शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. ते गार्सिया द ओर्तावरून आलं असेल असं वाटतं ना? मलाही वाटायचं. पण ते आलंय लॉरां गार्सिन या दुसऱ्याच वनस्पतीतज्ज्ञावरून. ओर्ताच्या वाट्याला वेगळंच आलं. त्याचं घराणं ज्यूंमधून ख्रिस्ती झालेलं. तो 1568 मध्ये वारला आणि 1580 मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशननं त्याची हाडं उकरून जाळली. पुस्तक मात्र तोवर लॅटिनमध्ये जाऊन युरोपभर पोचलं होतं.

त्या पुस्तकात अंतोनिया नावाची एक दासी आहे. मालकानं हाक मारली की ती वनस्पती आणून दाखवते. तिचं काम तेवढंच. मला जिन्याखालच्या मावशींकडे बघताना हीच आठवली. मी त्यांना विचारलं, "मावशी, कुठली करवंदं?" त्या म्हणाल्या, "डोंगरावरची. पहाटे तोडली." कातकरी वाडीवरून दोन गाड्या बदलून त्या येतात. आपल्याला शहरात रानमेवा 'सापडतो', तो असा. कुणीतरी काट्यात हात घालून आणलेला असतो.

आणि हा हात घालणं कायद्यानं कायम सोपं नव्हतं. 1878 च्या ब्रिटिश वन कायद्यानं मोठमोठी जंगलं राखीव केली. पिढ्यान् पिढ्या रानातून फळं, मध, लाकूड आणणारी माणसं परवानगीवर जगायला लागली. 2006 च्या वनहक्क कायद्यानं आदिवासी आणि इतर पारंपरिक वननिवासींचा गौण वनोपजावरचा मालकी हक्क मान्य केला. म्हणजे मधे सव्वाशेहून जास्त वर्षं गेली. म्हणून माझी विनंती, मावशींशी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका.

शहरात स्वतः करवंदं तोडायची असतील तर? कुंपणाला लावलेली झुडपं दिसतात कधीकधी. पण जपून. करवंद आणि कण्हेर एकाच कुळातले, दोघांनाही पांढरा चीक. पिवळ्या कण्हेरीचं फळ तर जीवघेणं विषारी. ओळखीबद्दल जराही शंका असेल तर हात लावायचा नाही. आणि गाड्यांच्या धुरातलं, औषध फवारलेलं फळ नकोच.

तशी करवंदं तुम्ही न ओळखता खाल्लीच आहेत. वाढदिवसाच्या केकवरची ती लाल 'चेरी' आठवते? आपल्याकडे ती बहुतेक वेळा बिया काढून, रंगवून, पाकात मुरवलेलं करवंद असते. गावाजवळच्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं तर मोठ्या फळांची 'कोकण बोल्ड' नावाची करवंदाची जात काढली आहे.

तर मी किलोभर कच्ची करवंदं घरी आणली. आजी ओट्याजवळ खुर्चीवर बसली. हाताला तेल लावून घे म्हणाली, नाहीतर चीक चिकटतो. करवंदं चिरून मिठाच्या पाण्यात टाकली, बिया काढल्या, निथळून फडक्यावर कोरडी केली. मग मी विचारलं, "मीठ किती?"

"अंदाजानं."

"अंदाजानं म्हणजे?"

"म्हणजे मूठ, रे."

मी वजनकाटा आणला. तिला म्हटलं, घाल तुझी मूठ. तिनं संशयानं बघितलं, पण घातली. एक मूठ, मग अर्धी, मग चिमूट. काट्यावर आले पंच्याण्णव ग्रॅम. मी लिहून घेतलं. मग मोहरीची डाळ, मेथी, हळद, तिखट, हिंग, प्रत्येकाची मूठ काट्यावर. फोडणी थंड करून वर ओतायची, हे तिनं तीनदा बजावलं.

हे सगळं लिहिताना मला जरा लाजच वाटली. ओर्तानं 1563 मध्ये करवंद कागदावर उतरवलं, आणि आमच्या घरात शिकलेली तीन माणसं असून आजीचं लोणचं कुणी लिहिलं नव्हतं. केळशीच्या ज्या सड्यावर आम्ही जायचो तिथे आता तारेचं कुंपण आहे, प्लॉट पडलेत. त्या जाळ्या मला परत मिळणार नाहीत. आजीचा हात अजून आहे.

आठ दिवसांनी बरणी उघडली. आजीनं एक फोड चाखली, डोळे मिटले आणि म्हणाली, "मीठ थोडं कमी पडलं. तुझा काटा बघत बसले ना!"

म्हणून वहीत पंच्याण्णव खोडून शंभर केलंय. आता तुमचं काम. या सुट्टीत घरातल्या एका म्हाताऱ्या माणसासमोर वजनकाटा ठेवा, फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि विचारा, अंदाजानं म्हणजे किती? भेटू पुढच्या भागात!